समोरून पाहिलेला उजवा हात

देवाने माणसाचा मेंदू कवटीत ठेवला तो घड्या घालून. लहानशा पेटीत मोठी चादर बसवावी तसा. त्या घड्यांमध्ये नजर खुपसून बसण्यात बाईंची सत्तावीस वर्षं गेली होती. बिल्डिंगमधले लोक त्यांना ‘डोकेवाल्या बाई’ म्हणत आणि डोकं दुखलं की जिन्यात अडवून गोळीचं नाव विचारत. मी औषध देणारी डॉक्टर नाही हो, मी नुसती पाहते, असं बाई सांगत. त्यावर तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या होत्या, मग तुमचं आमच्यासारखंच की, आम्हीही खिडकीत बसून नुसतं पाहतोच.

बाई पाहत होत्या त्या एमआरआयच्या तसबिरी. हॉस्पिटलच्या तळघरात ते मोठं यंत्र होतं, मध्ये काच, आणि काचेच्या अलीकडे बाईंची खोली. ज्यांची आकडी चार-चार औषधांनाही दाद देत नाही, अशा लोकांच्या मेंदूत ती नेमकी उठते कुठून, हे शोधायचं. जागा पक्की सापडली तर सर्जन तेवढाच कण काढून टाकतो आणि माणूस सुटतो. बाईंचं संशोधन त्यातल्या अशा जागांवर होतं, ज्या साध्या डोळ्याला दिसतच नाहीत.

माणसं मात्र बाईंपर्यंत येत नसत. टेक्निशियन त्यांना यंत्रात निजवायचा, उठवायचा, घरी पाठवायचा. बाईंकडे यायचा तो एक नंबर आणि त्याच्या मेंदूच्या तसबिरींच्या शे-दोनशे काळ्या-पांढऱ्या चकत्या. डबा त्या पडद्यासमोरच खात. कधी कधी दुपारी घसा खाकरावा लागे, तेव्हा लक्षात येई की सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही.

एकतीस नंबर हा एक पुस्तकं बांधणारा बाइंडर होता. वय बेचाळीस, आकडी नवव्या वर्षापासून. कागद कापायच्या यंत्रावर उभा असताना एकदा आकडी आली आणि करंगळीचं टोक गेलं. तेव्हापासून कापण्याचं काम बायकोने आपल्याकडे घेतलं होतं, हा नुसता शिवायचा आणि खळ लावायचा. त्याच्या तसबिरी दोघा डॉक्टरांनी पाहून ‘स्वच्छ’ असा शेरा मारला होता. बाईंनी तीन आठवडे पाहिल्या. मग उजव्या अर्ध्या मेंदूत, जिथून हात हलतो त्या जागेला खेटून, एका घडीच्या तळाशी त्यांना कड धूसर दिसली. बाकी सगळी चादर कडक इस्त्रीची, आणि तेवढाच भाग जरा ओलसर राहून गेल्यासारखा.

पण एकट्या तसबिरीवर कुणाचं डोकं उघडत नाहीत. दर मंगळवारी डॉक्टरांची बैठक भरे, आणि तिथला नियम असा की तीन साक्षी जुळल्या पाहिजेत: तसबीर, डोक्याला तारा लावून घेतलेली नोंद, आणि घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तारा लावून बाइंडरला पाच दिवस ठेवलं, तर आकडी आलीच नाही. घरी पोचून चपला काढायच्या आत आली. राहिला घरच्यांनी भरायचा कागद. त्यावर बायकोने अकरा वेळा आलेल्या आकडीपुढे अकराही वेळा एकच खूण केली होती: सुरुवात उजव्या हातापासून. आता मेंदूचा कारभार उलटा, उजवा भाग डावा हात हलवतो, हे बैठकीतल्या प्रत्येकाला पाठ. म्हणजे बाईंची जागा खोटी ठरली.

विभागाचे साहेब म्हणाले, “बाई, तीन आठवडे एकाच भिंतीकडे बघत बसलं तर भिंतीलाही नाकडोळे फुटतात.” सगळे हसले. बाईही हसल्या. बाइंडरला ‘ऑपरेशन शक्य नाही’ असं पत्र धाडायचं ठरलं.

बाईंनी पत्र लिहायला घेतलं आणि दोन दिवस ते तसंच ठेवलं. एखादी बायको एकदा चुकेल, दोनदा चुकेल, अकरा वेळा कशी चुकेल? आणि आपला डोळाही चुकत नव्हता, हे त्यांना पोळीसारखं उलटसुलट करून पाहिलं तरी पटत होतं. दोघींपैकी एकीचं खोटं असणार. मग विचारावं की. सत्तावीस वर्षांत बाई एकाही नंबराच्या घरी गेल्या नव्हत्या.

खाली दुकान, वर दोन खोल्या. सगळीकडे खळीचा आंबूस वास. बाइंडर लाजरा माणूस, नमस्कार करून खाली सटकला. त्याच्या बायकोने मनगटापर्यंत लागलेली खळ पदराला न पुसता आधी हात धुतले, मग वही आणली. तारीख, वेळ, किती मिनिटं, शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द कोणता, सगळं टिपलेलं. बाईंना ती वही आपल्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या नोंदींपेक्षा चोख वाटली. मला करून दाखवता का, असं त्यांनी विचारलं.

बायकोने बाईंना नवऱ्याच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. “मी नेहमी अशी समोर बसते. डोळे आधी फिरतात त्यांचे. मागून धरलं तर कळत नाही,” ती म्हणाली आणि पुढे वाकून तिने बाईंचा हात धरला. “इथून सुरू होतं. आधी अंगठा.”

बाईंनी खाली पाहिलं. तिने धरलेला हात डावा होता.

“हा उजवा?”

“उजवाच ना. या बाजूचा.” तिने आपला उजवा हात उचलून दाखवला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. “अगंबाई. माझ्या बाजूने लिहीत गेले मी. माझ्यामुळे राहिलं का हो त्यांचं?”

“नाही. कागद मी छापला होता. कुणाचा उजवा, हे मी विचारलंच नव्हतं.”

बाईंच्या कामात तसबीरही समोरून पाहिल्यासारखीच लावतात. पडद्यावरची डावीकडची बाजू ती रोग्याची उजवी, हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि पुढे ते इतकं अंगवळणी पडतं की इतरांना सांगायला हवं हे सुचतच नाही. बाई हे समजावत होत्या तरी त्या बायकोने हात सोडला नव्हता. आपण होऊन काढून घ्यावा की असू द्यावा, हे बाईंना कळेना. आपल्यासमोर इतकं जवळ कुणी बसल्याला किती वर्षं झाली, हेही आठवेना.

बैठकीला नुसतं बोलणं चालणार नव्हतं. पुढच्या आकडीचं फोनवर चित्रण करा, असं बाई म्हणाल्या. ती म्हणाली, मी त्यांना धरू की फोन धरू? शेवटी दोघींनी मिळून फोन खळीच्या डब्याला टेकवून खुर्चीकडे तोंड करून ठेवला. नवव्या दिवशी आकडी आली. आधी डोळे फिरले, मग अंगठा. डावा.

मंगळवारी बाईंनी ते चित्रण दाखवलं आणि उभं राहून सांगितलं, “चूक माझ्या कागदात आहे. याच कागदावरून आपण आणखी दोघांना परत पाठवलंय. त्यांनाही बोलवायला हवं.” या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी चित्रण तीनदा पाहिलं आणि कागद आजच बदला म्हणाले.

ऑपरेशन ठरलं, पण धोका होताच. ती जागा हाताच्या जागेला खेटून. सुरी केसभर हलली तर डावा हात लुळा. सर्जनने हे सांगितलं तेव्हा बाइंडर म्हणाला, एका हाताने खळ लावता येते, कापता नाही येत, पण तसंही मला कापू कोण देतंय? बायको म्हणाली, मी देत नाही. मग दोघांनी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी बाई वर गेल्या नाहीत. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. दिवसभर पडद्यासमोर बसून राहिल्या, चकत्या पुढे-मागे करत, जणू आता काही बदलता येणार होतं. मनात देवाचं नाव घेतलं ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंडरच्या बायकोचा फोन आला. “अंगठा हलवला. मग मूठ वळली. डावी,” ती म्हणाली, आणि घाईने पुढे, “त्यांची डावी.” आकडी कायमची गेली की नाही हे कळायला वर्ष तरी लागेल, हे बाईंनी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. डॉक्टर आलेत म्हणून तिने फोन ठेवला.

बाई खोलीबाहेर आल्या. काचेपलीकडे टेक्निशियन कुणा नव्या नंबराला निजवत होता. कॉरिडॉर रिकामा. आनंद झाला होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. बाईंना एक धाकटी बहीण होती, लांबच्या गावात. वाढदिवसाला फोन होई, तेवढाच. बाईंनी तिचा नंबर लावला.

“ताई? काय झालं? कुणी गेलं का?”

“नाही गं, कुणी गेलं नाही.”

“मग?”

“सांगायचं होतं काहीतरी. वेळ आहे?”

“थांब, दूध ठेवलंय, बंद करून येते. ठेवू नकोस हं.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करू लागल्या.