कड्याजवळ ऊन मोजणारं गाव

नगरच्या पुढं कडा हे बाजाराचं गाव आहे, त्याच्याजवळच्या एका गावात दूध संस्था ऊन मोजते, असं मित्रानं सांगितलं. तेवढ्यावर निघालो. दुष्काळात तिकडं कशाला, असं घरी विचारलं.

पुण्याहून पहाटेची एसटी, नगरला चहा, दुपारच्या आत कडा. पुढं जीप. भरल्याशिवाय ती सुटत नाही. तासभर हाताशी ठेवा. पाण्याची बाटली नगरलाच घ्या. वाटेवरची शेतं नांगरलेली होती. पीक नव्हतं.

शेजारी केशरबाई बसल्या होत्या, त्या दूध संस्थेच्या सचिव. लेकीच्या बाळंतपणाहून अकरा दिवसांनी परतत होत्या. ऊन मोजायच्या यंत्राची नोंद त्याच ठेवतात. संस्थेच्या विहिरीत खोल पाणी आहे, उपसायला वीज पुरत नाही. सौरपंप देणाऱ्यांनी वर्षभराची सलग नोंद मागितली होती. वर्ष भरायला पाच दिवस उरले होते.

यंत्र केशरबाईंच्या गोठ्यामागं, लोखंडी खांबावर. वर काचेचा लहानसा घुमट, आत काळी चकती. तिच्यावर पडणारं ऊन मोजलं जातं. केशरबाई जीपमधून उतरल्या आणि जागीच थांबल्या. गोठ्यावरची हिरवी जाळी कुणीतरी खांबापर्यंत ओढली होती. घुमट सावलीत होता.

त्यांचे धाकटे दीर दगडूनाना पुढं आले.

"भावजी, हे कवा केलं?"

"तुमी गेलाव त्याच दिवशी. काच लई तापत व्हती, वहिनी. तुमीच जपा म्हनलाव. रोज पुसली बी, माझ्या प्यायच्या पान्यानं."

"ऊन मोजायच्या यंत्राला सावली?"

"कावून न्हाई? जनावराला करतोच की."

जीपवाला हसला. "नाना, आता पाऊस मोजायच्या भांड्यावर छत्री धरा."

नाना हसले नाहीत. त्यांना समजलं होतं.

केशरबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. या घरी हात घमेल्यावर धुवायचे. ते पाणी शेळीला जातं. जेवण झाल्यावर त्यांनी वही काढली.

"मागचे-फुडचे आकडे बघून भरा, वहिनी. ऊन काय बदललंय? रोज तेच हाय."

"तेच हाय का न्हाई, हेच तर मोजायचं हाय."

त्यांनी यंत्रात साठलेले अकरा दिवसांचे आकडे उतरवले. प्रत्येकापुढं लिहिलं: जाळी होती.

"मग वरीस?"

"पहिल्यापासून."

नानांनी वहीवर बोट ठेवलं. "माझं नाव लिवा तिथं."

"ह्या वहीत माणसाचं नाव लिवत न्हाईत."

नाना उठले. जाळी त्यांनी स्वतःच सोडली आणि घडी करून खांद्यावर घेतली.

घरी येऊन महिना झाला. परवा केशरबाईंना फोन केला. नवीन नोंदीत खंड नाही. विहीर तशीच आहे, जनावरं लांबच्या टँकरवर जातात. त्या गावात बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं, तर मला एक खांब सांगता येतो. गेलात, तर सकाळी जा. आणि फोटो काढताना सूर्य आणि काच यांच्या मधे उभे राहू नका.