गल्लीकडचं फाटक

आईने मला सांगितलं तेव्हा माझ्या कानात हेडफोन होते. ती दारात उभी राहून बराच वेळ बोलत असावी. मी हेडफोन काढले तेव्हा शेवटचंच वाक्य ऐकू आलं, "म्हणजे मग आम्ही दोघी तिथं राहू."

दोघी म्हणजे आई आणि मावशी. मावशी नात्याने कुणी नाहीत. पिंपरीतल्या एका कंपनीत आई आणि त्या एकाच टेबलावर पार्ट तपासायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या आणि एकाच बसने दापोडीला उतरायच्या. दोघींचे नवरे गेले, पुढे दोघी रिटायर झाल्या. आणि 'तिथं' म्हणजे चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीला लागून असलेला मोकळा प्लॉट. तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी इमारत उभी राहणार होती. जेवणाचा हॉल, दवाखाना, चालायला वाट. अजून तिथे बाभळी आणि बिल्डरचा बोर्ड याखेरीज काही नव्हतं, आणि महापालिकेची मंजुरीही बाकी होती.

आमचा फ्लॅट मी आईला दापोडीच्या खोलीतून बाहेर काढायचं म्हणून घेतला. जास्त उजेडाची खोली तिला दिली. मी विचारलं, इथे काय कमी आहे?

"कमी काही नाही गं," आई म्हणाली. "पण तू दिवसभर दार लावून मीटिंगमध्ये. मी काय दाराशी बोलू?"

ती हसत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने फोनवर तिचा 'जय भीम' ऐकू आला, आणि नंतर तो आवाज, जो फक्त मावशींसाठी निघतो. जाडसर, बेफिकीर, मधेच खिदळणारा. माझ्याशी बोलताना आई सांभाळून बोलते, जशी शाळेच्या पालकसभेत बाईंशी बोलायची.

मावशींचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला हेवा वाटत होता, आणि तो जुना होता. माझी इंग्रजी शाळा आईच्या ओव्हरटाइमवर चालली. आईने ते जास्तीचे तास माझ्यासाठी काढले, पण मिळाले ते मावशींना. माझ्या वाट्याला आई यायची ती पाय चेपून घ्यायला. बाबा गेल्यावर ती किती रडली हे मावशींना माहीत आहे. माझ्यासमोर ती रडलीच नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीचे चेअरमन काका घरी आले. महापालिकेने त्या प्रकल्पावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. काकांना हरकत नीट लिहून हवी होती. तुझं लिहिणं व्यवस्थित असतं, म्हणाले. मी आधी इंग्रजीत लिहिलं, मग मराठीत आणलं. टँकरवर चालणाऱ्या भागात आणखी पाण्याची मागणी, ड्रेनेज, बी विंगचा अडणारा उजेड. हे सगळे मुद्दे काकांचे होते. शेवटचा माझा होता. प्रकल्पाचं मागचं फाटक आमच्या गल्लीत उघडत होतं, ते रद्द करावं. गल्ली अरुंद आहे, गाड्या वाढतील, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं. पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे गाड्या नव्हत्या, त्या दोघी होत्या.

इमारत झालीच नाही तर आई राहील, एवढाच माझा हिशोब होता.

सुनावणी क्षेत्रीय कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. भिंतीवर नकाशा लावलेला, समोर टेबलामागे अधिकारी. काकांनी पाण्यावर जोरात भाषण केलं. मी मागच्या रांगेत फाइल धरून बसले होते. ज्यांची ती जमीन होती त्या घरातले एक आजोबा उठले. "जागा आमची व्हती, म्हातारं बी आमीच हाय," ते म्हणाले, "पन तितं राह्यला आमाला परवडायचं न्हाई, त्याचं काय?" लोक हसले. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, कुणाची सूचना आहे का? आणि पलीकडच्या दारापाशी आई आणि मावशी उठून उभ्या राहिल्या.

आई सकाळी दापोडीला जाते म्हणून निघाली होती. तिने इस्त्रीची साडी का नेसली, हे मी विचारलं नव्हतं. ती अधिकाऱ्यांकडे पाहून बोलत होती, माझ्याकडे नाही.

"साहेब, आमची हरकत नाही. फक्त ते गल्लीकडचं फाटक बंद करू नका. मोठ्या रस्त्याने वळसा पडतो, आमचे गुडघे गेलेत. माझी मुलगी त्या गल्लीत राहते. कामात असली की जेवत नाही. मला रोज संध्याकाळी जाऊन यायचंय."

"साहेब, मी सांगवी म्हणत होते," मावशी मधेच म्हणाल्या. "माझा मुलगा तिकडं आहे. पण ही बाई ऐकेल तर ना. फाटक नसेल तर मला तिथं राहायचंच नाही म्हणते."

पुन्हा लोक हसले. अधिकाऱ्यांनी सोसायटीचं म्हणणं विचारलं. काकांनी मला कोपराने ढोसलं. हा मुद्दा हिने लिहिलाय, हीच सांगेल, म्हणाले.

मी उभी राहिले. चार लोकांत मला बोलता येत नाही, मराठीत तर त्याहून नाही. आई आता माझ्याकडे पाहत होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"गाड्यांना बंद ठेवा," मी म्हटलं. "माणसांना चालत जायला असू द्या."

अधिकाऱ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले, आणि तेवढं नोंदवलं गेलं.

बाहेर चहाच्या टपरीवर काका माझ्यावर चिडले होते. हातचा मुद्दा घालवलास, म्हणाले आणि गाडी काढून निघून गेले. आई आणि मावशी एकाच ग्लासातला चहा अर्धा अर्धा करत होत्या. मंजुरी यायची होती, पाया खणायचा होता, पण खिडकीजवळचा पलंग कुणाचा यावर त्यांचं भांडण सुरू झालं होतं. मावशींनी मुलाजवळची सांगवी सोडली होती, आईने माझी गल्ली सोडली नव्हती. याबद्दल मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

मावशींनी ग्लास आईच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळल्या. "मग? तू पण येत जाशील ना गं आमच्याकडे?"

मी हो म्हटलं. ते 'आमच्याकडे' मात्र मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.