दालनातली दोन मिनिटं

प्रागमधल्या प्रदर्शनात एका नामवंत चित्रकाराच्या कोऱ्या कॅनव्हाससमोर गर्दी होती. त्यावर काहीच नसल्यामुळे लोक शेजारच्या पाटीवरचा मजकूर मन लावून वाचत होते.

पलीकडच्या दालनात एका नवख्या मुलीची मातीची शिल्पं होती. बघणारं कुणी नव्हतं. खुर्चीत विणत बसलेली राखणदार आजी हळूच म्हणाली, "दोन मिनिटं थांबा इथं. दाराशी उभी आहे ना, तिचीच आहेत ही. रोज येते, कुणी थांबतं का बघायला."

मी हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून थांबलो. माझं लक्ष मात्र घड्याळाकडं होतं. उपेक्षा निदान प्रामाणिक असते. मुलगी उजळलेल्या चेहऱ्यानं जवळ आली.

"कसं वाटलं?"

"पुढचं दालन कुठं आहे?" मी विचारलं.

तिनं हात करून नीट दाखवलं.