अक्कानं मोडलेली सोयरीक

सकाळी पाणी भरता भरता फोन वाजला. उदगीरहून माझा भाऊ बसवराज बोलत होता. ‘अक्का गेली. ताप उतरलाच न्हाई... तू निघ.’ नांदेडहून एसटीत बसले, लोहा गाव मागं पडलं, तरी मला रडू येईना. अक्का, आमची थोरली बहीण, घरात कायम असणारच, असं मी धरून चालले होते. आमच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून मूठमाती दिली. त्याला आता दीड महिना होईल.

अक्का बहात्तरच्या दुष्काळात जन्मली. डोकं इवलंसं, केस विरळ, नखं जाड आणि वाकडी. पुढं दात आले तेही मोजकेच, टोकदार. अव्वा, आमची आई, सगळ्यांना हेच सांगायची, ‘पोटात होती तवा सरकारनं वाटलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडली. लेकराला माझ्या पोटात काहीच मिळालं न्हाई.’ गावानंही ते मान्य केलं. त्या साली कुणाचं काय काय गेलं होतं...

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा अप्पांना, आमच्या वडिलांना, वाटलं, आता तिथं मोठे डॉक्टर येतील. अक्का दहाएक वर्षांची होती. मीही हट्टानं बरोबर गेले. डॉक्टरांनी तिची नखं पाहिली, डोक्याभोवती टेप धरली आणि अव्वाला विचारलं, ‘लग्नाआधी तुमचं दोघांचं नातं काय?’

‘हे माझे सख्खे मामा,’ अव्वा म्हणाली. आमच्याकडं मामाला भाची देण्यात नवल नव्हतं. डॉक्टर मुंबईला दाखवा म्हणाले. ते काही झालं नाही. अक्का स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. तिला त्यातलं काय कळलं, ते मला आजही सांगता येत नाही.

हिला शिकणं जमणार नाही, असं शाळेत म्हणाले होते. ती सातवी पास झाली आणि पुढं बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. नवं पोर हटकून विचारायचं, ‘अक्का, तुझे दात कुठं गेले?’ ‘गावाला गेलेत. येतील आता,’ ती सांगायची. मग पोरं रोज विचारायची, आले का म्हणून.

अशा अक्काला चिडलेलं मी एकदाच पाहिलं. माझी लेक रेणुका बसवराजच्या मुलाला द्यायचं ठरत आलं होतं. अव्वानं साडीसुद्धा काढून ठेवली होती. अक्का म्हणाली, ‘ही सोयरीक होणार न्हाई.’

‘का गं? घरातलीच तर पोर हाय,’ अव्वा म्हणाली.

‘म्हणूनच. दिली तर मी या घरात राहत न्हाई.’

कारण विचारलं तर उठून गेली. बसवराज कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. शेवटी रेणुका बिलोलीच्या, नात्याबाहेरच्या घरात पडली.

गेल्या आठवड्यात गरोदर रेणुकाला नांदेडच्या डॉक्टरांकडं नेलं. घरात कुणाला काही आजार होता का, असं त्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी अक्काचं सांगितलं. तपासणीशिवाय नक्की म्हणता येणार नाही, पण हे बहुधा आई-बाप दोघांच्या रक्तातून आलेलं असावं, त्या म्हणाल्या. दोघांत लपून राहतं, आणि नात्यात लग्न झालं की वर येण्याचा धोका वाढतो.

‘दुष्काळानं नव्हे?’ मी विचारलं.

‘तसं वाटत नाही. जावई नात्यातले नाहीत ना? मग फार काळजी करू नका.’

तेव्हापासून मला काही सुधरत नाही. अक्काला हे ठाऊक होतं? मग आयुष्यभर ‘दुष्काळ’ ऐकून ती मान का डोलावत राहिली? की लहानपणी ऐकलेला तो प्रश्न नुसताच तिच्या मनात अडकून राहिला होता... आणि मी आता काय करू? दुष्काळावर अव्वाला चिडता येत होतं. स्वतःच्या लग्नावर या वयात तिनं कसं चिडायचं?

परवा सगळं सांगायचं ठरवूनच उदगीरला गेले. अव्वा जेवायला वाढत होती. अक्काला चावता यायचं नाही, म्हणून रोज करायची तशी तिनं ज्वारीची भाकरी बारीक कुस्करली, वरणात भिजवली आणि वाटी बाजूला ठेवली. मग तिच्या ध्यानात आलं. वाटीकडं बघतच ती म्हणाली, ‘रेणुका फोनवर म्हणत होती, डॉक्टरणीनं अक्काचं विचारलं म्हणून. काय म्हणाली ती?’

मी वाटी पुढं ओढली आणि खाऊ लागले. तोंडात घास होता, म्हणून लगेच बोलावं लागलं नाही.