आमेनची घाई

कंपाउंडर निवृत्त झाले, पण औषध द्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या, बाटल्यांवर डोसाच्या खुणा चिकटवल्या. मग चर्चच्या पाळकांनी विचारलं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मागच्या खोलीत बसाल का? लोक मन मोकळं करायला येतात, कोणीतरी ऐकणारं हवं. ऐकणारं हवं, एवढंच ते म्हणाले होते. कंपाउंडरांनी दुसऱ्याच दिवशी बिस्किटांचा रिकामा डबा घासूनपुसून घेतला आणि त्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले.

भीती, राग, दुःख, संसार, क्षमा. प्रत्येक कप्प्यात पवित्र शास्त्रातली वचनं, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्यांवर उतरवलेली. माणूस येऊन दोन वाक्यं बोलला की यांचा हात डब्यात. "हे सकाळी उठल्यावर एकदा, झोपताना एकदा. दहा दिवसांनी येऊन सांगा." लोक गालात हसायचे, पण चिठ्ठी जपून न्यायचे. गुण येत नव्हता असंही नाही. एका बसचालकाने भीतीची चिठ्ठी वर्षभर स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवली होती. देवाशी भांडणारी, मला का टाकलंस म्हणून त्याला जाब विचारणारी स्तोत्रंही शास्त्रात कमी नाहीत. त्यातली एकही ओळ यांनी उतरवली नव्हती. आलेल्या माणसाला आणखी रडवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

चिठ्ठीनंतर प्रार्थना. तिथे तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आवाज भरदार, शब्द जिभेवर तयार. "चला, डोळे मिटू या," असं ते म्हणाले की समोरच्याचं बोलणं संपलंच. देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्येच टोकायची कोणाची छाती होणार?

मागच्या वर्षी त्यांचे मेहुणे वारले. धाकट्या बहिणीचा नवरा, छापखान्यात मशीनवर होता. सकाळी आंघोळीला जाताना दारातच कोसळला, तो पुन्हा उठला नाही. महिन्याभराने एका शुक्रवारी बहीण खोलीवर आली. सख्खा भाऊ, पण बाहेरच्या बाकावर चारचौघांसारखी वाट बघत बसली. घरी वहिनी असते, नातवंडं असतात, तिथे बोलता येत नाही म्हणाली. तिला दारात बघून कंपाउंडर नजर चुकवत डब्यातल्या चिठ्ठ्या चाळू लागले.

त्याला कारण होतं. मरायच्या आदल्या संध्याकाळी मेहुणे त्यांच्याकडे आले होते. छातीत जळजळतंय, डावा हात जड वाटतोय, डॉक्टरकडे जाऊन येतो म्हणाले. कंपाउंडरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, नाडी बघितली, चाळीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि पित्ताच्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या. "अहो, पित्त आहे. डॉक्टर उगाच दहा तपासण्या लिहून देतील." मेहुणे खूश होऊन घरी गेले. ही गोष्ट कंपाउंडरांनी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

"दादा," बहीण म्हणाली, "त्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले..."

"चिमे, आधी प्रार्थना करू," कंपाउंडर घाईघाईने म्हणाले. त्या दिवशी त्यांनी अशी काही प्रार्थना केली की बाकावरची माणसंही डोळे पुसू लागली. आमेन होईपर्यंत चिमीचा धीर ओसरला होता. ती चिठ्ठी घेऊन गेली. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच. 'त्या दिवशी सकाळी' इथवर ती यायची आणि याचे डोळे मिटायचे. सकाळचा विषय निघाला की आदल्या संध्याकाळचा निघणार, या धास्तीने हा शहाणा माणूस देवाच्या आड लपत होता. आणि त्याला स्वतःला वाटत होतं, आपण भक्ती करतोय!

पाचव्या शुक्रवारी तिने वेगळंच विचारलं. "दादा, देव मला क्षमा करेल का रे?"

कशाबद्दल, एवढा एक शब्द पुरला असता. कंपाउंडरांनी क्षमेचा कप्पा उघडला.

सहाव्या शुक्रवारी प्रार्थना जरा लांबली. आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडले तर समोरची खुर्ची रिकामी. पाणी प्यायला गेली असेल म्हणून ते थांबले. ती परत आली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. घरी भेटली की तब्येतीची चौकशी करायची, चहा द्यायची, बस्स.

चार महिन्यांनी ते सदरे घ्यायला इस्त्रीच्या दुकानात गेले. इस्त्रीवाली म्हणाली, "ताई आता बऱ्या आहेत हो. मध्यंतरी इथेच, या स्टुलावर बसून तीन तास बोलत होत्या. मी काय बोलणार? माझे हात कामात. नुसतं ऐकलं. तुम्हाला म्हणा आधीच माहीत असणार. नवरा म्हणाला छातीत दुखतंय, आणि या म्हणाल्या, कामावर जायचं नाही म्हणून नाटकं करू नका. पाच मिनिटांत माणूस गेला. कसं सोसलं असेल त्यांनी?"

कंपाउंडर सदरे तिथेच विसरून तडक बहिणीकडे गेले. ती मटार सोलत बसली होती. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि प्रस्तावना न करता बोलायला लागले. जड झालेला हात, नाडी, पित्त, दोन गोळ्या, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द शोधावे लागत होते.

"डॉक्टरकडे निघाले होते ते?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तू परत पाठवलंस."

"हो. चिमे, तू काय सांगायला येत होतीस ते मला खरंच माहीत नव्हतं गं."

"विचारलं असतंस तर कळलं असतं." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "सहा शुक्रवार, दादा. यांना मी मारलं असं समजून मी तुझ्यासमोर बसत होते. तू तेव्हा एवढंच म्हणाला असतास, की माझ्याकडूनही चूक झाली, तर आपण दोघं मिळून रडलो असतो. तू मला क्षमेची चिठ्ठी दिलीस."

कंपाउंडरांचे हात सवयीने जुळायला निघाले होते. त्यांनी ते गुडघ्यांवर दाबून धरले. "मला क्षमा कर" हे शब्द त्यांनी त्या खोलीत कितीतरी जणांना म्हणायला शिकवले होते. स्वतः म्हणायला फार वेळ लागला, आणि म्हटले तेही अडखळत.

बहीण त्यांच्याकडे बघत होती. शेवटचा शब्द होईपर्यंत तिने शेंगेला हात लावला नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पण क्षमा केली, असं आज म्हणवत नाही."

मग तिने पुढची शेंग हातात घेतली. त्यांना जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. कंपाउंडर बसून राहिले.