बांगडीवालीची बोटं

वडवणीच्या आठवडी बाजारात माझ्या मिरचीच्या ढिगाशेजारी तिची बांगड्यांची पथारी असते. बांगडी भरताना ती समोरचीला माहेरची खुशाली विचारते, अन् उत्तर येईस्तोवर बांगडी मनगटात गेलेली असते. बांगडी फुटली असं ती कधी म्हणत नाही, वाढली म्हणते. एवढी शब्द जपणारी बाई.

तिला एचआयव्ही आहे, हे बाजारात फक्त मला ठाऊक. गोळ्या नेमानं, रिपोर्ट चांगले, तरी बोटं अन् गुडघे ठणकायचे थांबेनात. बीडच्या दवाखान्यात मीच सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारात अंगात आतून थोडी सूज राहते. मनाला घोर लागला की ती वाढते, मग दुखणंही हटत नाही. कसला घोर आहे?"

"लोकायला कळंल ह्याचा."

पुढच्या बाजारी एकीला भरताना बांगडी वाढली अन् काच हिच्याच बोटात घुसली. हिनं झटकन हात मागं घेतला. बाईनं विचारलं, "काय झालं गं?" काहीही सांगता आलं असतं.

"मला एचआयव्ही हाय," ही सगळ्यांदेखत म्हणाली. "गोळ्या चालू हायेत, भिऊ नको. पट्टी बांधूस्तोवर थांब."

मी भांडायला पदर खोचून उभीच राहिले. पण बाई हात पुढंच ठेवून म्हणाली, "बांध लवकर. मला यष्टी गाठायची हाय."

पथारी आवरताना मी विचारलं, "बोटं दुखायलीत का?"

"दुखायलीत की! पण आज बांगड्या भरून दुखायलीत."