मिठागराच्या कडेची माशी

आमच्या लॅबमध्ये माश्यांच्या डीएनएवरून त्यांची नाती शोधायचं काम चालायचं. कोणतं कुळ कोणाच्या जवळचं, कोण आधी फुटून वेगळं झालं, हे पूर्वी पंखांच्या शिरा आणि पायांवरचे केस बघून ठरवायचे. आम्ही माशी बारीक कुटून तिचा डीएनए काढायचो आणि तो इतर माश्यांशी ताडून बघायचो. जुईनगरला माझी आई शेजारणींना सांगायची की मुलगी डासांच्या खात्यात आहे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

शेजारच्या टेबलावर बसणारी माझी मैत्रीण उरणकडची. तिचे वडील हयात असेपर्यंत घरच्या मिठागरावर राबले. ते मिठागर पुढे बंद पडलं, पण घरामागे त्याचे बांध आणि खाऱ्या पाण्याची डबकी तशीच होती. दर शनिवारी ती गावी जायची आणि सोमवारी डब्याच्या पिशवीतून अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या माश्या घेऊन यायची.

त्यातली एक करडी माशी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, आम्ही नेहमीची खाऱ्या पाण्यावरची समजून कुटली. निकाल आला तर ती कुठे बसेचना. वंशवृक्ष कितीदाही काढला तरी ती दोन मोठी कुळं फुटायच्याही आधी, एकटीच वेगळ्या फांदीवर जाऊन बसायची. सर आधी म्हणाले, दुसऱ्या कशाचा तरी डीएनए मिसळला असणार. मैत्रिणीने उरलेल्या द्रावावर सगळं पहिल्यापासून केलं. उत्तर तेच. मग सर म्हणाले की दुसरी माशी हवी, अख्खी, कोणालाही दाखवता येईल अशी. कुटलेल्या एका माशीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

"घरामागे आहेत की," ती म्हणाली. तिला इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाऊस सरल्यावर आम्ही दोघी जाळ्या घेऊन गेलो. मधले काही आठवडे लॅबच्या कामामुळे तिचं घरी जाणं झालं नव्हतं. बसमधून उतरून चालताना ती आपल्या प्रबंधाचं बोलत होती. घराच्या वळणावर ती बोलायची थांबली. समोर पुरुषभर उंचीचा लाल मुरमाचा भराव होता. पलीकडे कंटेनर रचलेले होते आणि एक डंपर मागे येत होता. तारेच्या कुंपणाशी वॉचमनने आम्हाला अडवलं. ही आमची जागा आहे, असं तिने सांगितलं. तो बाहेरगावचा होता. ऑफिसातून परवानगी आणा, असं हिंदीत म्हणून तो खुर्चीत जाऊन बसला.

घरी तिची आई ओट्यावर जवळा निवडत होती. जागा तिच्या दोन्ही भावांनी कंटेनर यार्डाला दिली होती, गणपतीनंतर काम सुरू झालं होतं, आणि थोरला भाऊ तिथेच गेटवर नोकरीला लागला होता. हे सगळं आईने जवळ्यावरची नजर न काढता सांगितलं.

"मला एकदा तरी बोलायचं होतंस, आय."

"बोलून काय झाला असता? माश्यांसाठी कोन जागा ठेवतं, बाय?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मैत्रिणीने चपला घातल्या आणि चहा न घेताच आम्ही निघालो.

तो हिवाळा आणि पुढचाही आम्ही खाडीकाठची उरलेली मिठागरं, खाजणं, चिखल पालथे घातले. बाटल्या भरत गेल्या. सगळ्या नेहमीच्याच माश्या. ती माशी जिवंत असताना कशी बसते, कशी उडते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मैत्रिणीने जाळीत धरली तेव्हा ती इतर माश्यांतलीच एक होती.

शेवटी पेपर छापला तो ती फांदी वगळून. निदान एक ओळ तरी लिहू, असं मैत्रीण म्हणाली. जे दाखवता येत नाही ते लिहिता येत नाही, असं सरांनी सांगितलं. तिने मान डोलावली. त्या जागी तीही तेच म्हणाली असती. पण तिचा अख्खा प्रबंध त्या माशीवर उभा होता. नवा विषय तिने घेतला नाही. हळूहळू यायची बंद झाली आणि तळोज्याच्या एका कंपनीत सांडपाणी तपासायच्या नोकरीला लागली. भावांशी बोलणं तुटलं. खारघरला खोली घेऊन ती एकटी राहू लागली.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे फराळाला आली. डोळे लाल होते; कंपनीतल्या वाफांनी होतं, म्हणाली. लॅबबद्दल तिने काही विचारलं नाही. आपल्या आईबद्दल मात्र पुष्कळ बोलली. यार्डाच्या धुळीने आईचा खोकला थांबत नाही. माझ्याकडे चल म्हटलं तर ऐकत नाही. दिवसभर दारं-खिडक्या लावून आत बसते, आणि डंपर गेला की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करते.

माझ्या आईने तिला डबा भरून दिला. तो तिने दोन्ही हातांनी धरला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली.